शिडाच्या बोटीला दुसरा नांगर घ्यायचाय? मग आधी एवढं बघून घ्या

बोट घेतली की तिच्यासोबत एक नांगर येतोच, पुढे बो रोलरवर (बो म्हणजे बोटीचं नाक, तिथल्या चाकावर) लटकलेला, आणि बरेच जण तिथेच थांबतात. दुसऱ्या नांगराबद्दल विचारलं की उत्तर येतं, "आहे ना, कॉकपिट लॉकरमध्ये खाली कुठेतरी असेल." म्हणजे जुन्या मालकाने टाकून ठेवलेलं गंजकं काहीतरी, ज्याला ना चेन ना दोर, आणि त्याच्यावर फेंडर, बादल्या, जुनी शिडं असा सगळा ढीग. त्याला मी दुसरा नांगर म्हणत नाही. जो पाच मिनिटांत पाण्यात जाऊ शकत नाही तो बोटीवर असून नसल्यासारखाच.

हे सगळं मी आपल्याकडची २८ ते ३६ फुटी बोट डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे मुंबईत मूरिंगवर (पाण्यातल्या पक्क्या बोयाला बांधून) असते, ऑक्टोबर ते मे चालते आणि जमलं तर एखाद्या हिवाळ्यात जयगड, विजयदुर्ग करत गोव्यापर्यंत जाते अशी. पहिला नांगर चांगला आहे असं धरून चाललोय. तो खराब असेल तर आधी तो बदला, दुसऱ्याचा विचार नंतर.

पहिली पायरी: हा नांगर नक्की करणार काय?

दुकानात जाण्याआधी हे ठरवा, कारण इथेच लोक गडबडतात आणि पहिल्याचाच लहान भाऊ उचलून आणतात. मेन नांगर १५ किलोचा डेल्टा (नांगराचा एक प्रकार, पुढे येतोच) असेल तर दुसरा १० किलोचा डेल्टा. आता विचार करा, मोठा जिथे घसरला तिथे तसाच लहान काय धरणार? दुसरा नांगर वेगळ्या स्वभावाचा पाहिजे, पहिल्याला जे जमत नाही ते त्याला जमलं पाहिजे.

आपल्या किनाऱ्यावर त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे रुतलेली बोट बाहेर काढणं. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बार (पाण्याखालचे उंचवटे) असतात आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात, चार्टवर जे दिसतं ते दोन वर्षांपूर्वीचं असू शकतं. आत शिरताना कील (बोटीच्या तळाचा खाली आलेला भाग) टेकला, इंजिन रिव्हर्स टाकलं तरी बोट हलत नाही आणि ओहोटी लागलीय, अशा वेळी तुमच्याकडे जेमतेम पंधरा-वीस मिनिटं असतात. तेवढ्यात डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाकायचा आणि दोर विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) घेऊन बोट ओढून काढायची. उधाणाच्या भरतीला वर चढून बसलात आणि हे जमलं नाही तर पुढची तेवढी मोठी भरती यायला बरेच दिवस लागू शकतात, कारण भांगाकडे (लहान भरतीच्या दिवसांकडे) जाताना रोजची भरती कमी कमी होत जाते. त्यामुळे उधाणाच्या माथ्यावर नवीन खाडीत शिरूच नये, शिरायचंच तर चढत्या पाण्यात शिरावं, म्हणजे टेकलात तरी पाणीच उचलून देतं.

दुसरं काम स्टर्नचं, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाचं. उघड्या किनाऱ्यासमोर रात्री थांबलात की दुपारचा वायव्येचा खारा वारा पडतो आणि मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई सुरू होतो. बोट वाऱ्याप्रमाणे फिरते पण समुद्राची लाट आपली पश्चिमेकडूनच येत राहते, मग ती कधी कुशीवर येते, कधी तिरकी, आणि रात्रभर बोट अशी डोलते की कपाटातली भांडी वाजत राहतात आणि झोप कुणालाच नाही. मागून एक हलका नांगर टाकून बो लाटेकडे धरून ठेवला की फरक पडतो. अरुंद खाडीत, जिथे पूर्ण गोल फिरायला जागा नाही, तिथेही हाच उपाय.

तिसरं म्हणजे मेन नांगर गेला तर. दोर तुटला, खडकात अडकला, कुणाच्या जुन्या जाळ्यात गुंतला आणि कापून द्यावा लागला, असं होतंच. मग घरी पोचेपर्यंत हाच तुमचा एकुलता एक.

आणि वादळ? इथे मी स्पष्ट बोलतो. चक्रीवादळात उघड्यावर दोन नांगर टाकून बसू असा प्लॅन करू नका. मे २०२१ च्या तौक्तेमध्ये बॉम्बे हायजवळ पी-३०५ या बार्जचे नांगर सुटले आणि पुढे तो बुडाला, कित्येकांचे जीव गेले, आणि ते नांगर आपल्यासारखे हातात उचलायचे नव्हते. वादळाची बातमी आली की दोन-तीन दिवस आधी खाडीत आत जायचं किंवा बोट बाहेर काढायची. दुसरा नांगर आहे तो अचानक वाढलेल्या २५-३० नॉटच्या वाऱ्यासाठी.

दुसरी पायरी: खाली काय आहे?

मुंबई हार्बरमध्ये चिखल, आणि तो पण मऊ. खाड्यांमध्ये आत गेलं की चिखल, तोंडाशी वाळू. मांडवा-अलिबागपासून खाली पुळणींसमोर वाळू आणि मध्ये मध्ये खडक. मालवणला खडक जास्त, आणि तिथे सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, प्रवाळ आहे, त्यामुळे तिथे कुठेही नांगर टाकायचा नाही, वाळूची मोकळी जागा बघूनच, नाहीतर सरळ बंदरात जाऊन स्थानिकांना विचारायचं. खरं तर कुठेही गेलात तरी खालचा तळ कसा आहे हे तांडेल लोकांना (मच्छीमार बोटींच्या प्रमुखांना) विचारा, त्यांना पाठ असतं आणि ते सांगतात पण मनापासून.

म्हणजे आपल्या बोटीचा नव्वद टक्के वेळ चिखल आणि वाळूवर जाणार. निवड त्याप्रमाणे करायची, यूट्यूबवर भूमध्य समुद्रातल्या गवताळ तळावर कुठला नांगर जिंकला त्यावरून नाही.

तिसरी पायरी: प्रकार

फाळवाले, म्हणजे डॅनफोर्थ पद्धतीचे. दोन मोठे चपटे फाळ आणि मध्ये दांडा, बिजागरीसारखं हलणारं. अमेरिकेत रिचर्ड डॅनफोर्थने १९४० च्या आसपास काढलेलं डिझाइन, दुसऱ्या महायुद्धात लँडिंग क्राफ्टवर खूप वापरलं गेलं. वजनाच्या मानाने फाळांचं क्षेत्रफळ जबरदस्त, त्यामुळे वाळू आणि चिखलात पकड भारी आणि ठेवायला सपाट. दोष दोन. ओढण्याची दिशा उलटी झाली की हा उपटून येऊ शकतो, आणि परत बसताना फाळांमध्ये दगड किंवा शिंपला अडकला किंवा चेन गुंतली तर बसतच नाही. खडकाळ तळावर तर निरुपयोगीच.

याचाच ॲल्युमिनियम मिश्रधातूचा अवतार म्हणजे फोर्ट्रेस. तसाच आकार पण वजन अगदी कमी. एफएक्स-१६ हे मॉडेल साधारण साडेचार किलोचं आणि कंपनी ते ३३ ते ३८ फुटी बोटीसाठी देते, त्याखालचं एफएक्स-११ तीन किलोच्या थोडं वर. यात फाळांचा कोन बदलता येतो, वाळूसाठी ३२ अंश आणि अगदी मऊ चिखलासाठी ४५ अंश. मुंबई हार्बरच्या चिखलाला ४५ चा कोन कामाचा, पण तोच कोन ठेवून वाळूवर टाकलात तर तो रुतायचाच नाही, वरवर घसरत जाईल, म्हणून मी म्हणेन की कायम ३२ वर ठेवा आणि अगदी चिखलातच राहणार असाल तेव्हाच बदला.

नांगरी पद्धतीचे, म्हणजे सीक्यूआर, डेल्टा. सीक्यूआर तर १९३३ चं ब्रिटिश डिझाइन, अजूनही जुन्या बोटींवर लटकलेलं दिसतं. मेन म्हणून चालतात पण मऊ चिखलात लहान साइजचे दह्यात चमचा ओढल्यासारखे येतात. ब्रूस, तो पंजासारखा, पटकन बसतो, फिरला तरी परत बसतो, पण वजनाच्या मानाने पकड कमी, लहान घेतला तर अजूनच कमी. रॉक्ना, मँटस, स्पेड वगैरे नवीन पिढीचे आहेत ते मेन म्हणून माझी पहिली पसंती, वारा फिरला तरी स्वतःहून परत रुततात, पण दुसरा म्हणून घेतले तर डिंगीतून न्यायला जड आणि ठेवायला अडचणीचे, सगळीकडून टोकं निघालेली.

चार नखांचा घडीचा ग्रॅपनेल डिंगीसाठी ठीक. बंदरात छोट्या होड्यांवर सळ्या वाकवून वेल्ड केलेले दिसतात ते खडकात अडकवायला, आणि अडकला तर सळई सरळ होऊन सुटतो हाच त्याचा गुण. ३० फुटी बोटीचा दुसरा नांगर म्हणून तो धरू नका.

तर माझं मत: मेन रॉक्ना, डेल्टा किंवा ब्रूस असेल तर दुसरा फाळवाला घ्या, शक्यतो ॲल्युमिनियमचा. उलट्या ओढीचा त्याचा जो दोष आहे तो इथे फारसा आडवा येत नाही, कारण रुतलेली बोट काढताना किंवा स्टर्नला टाकताना ओढ एकाच दिशेने असते. रात्रभर गोल फिरण्याचं काम मेनचं. आणि मेनच डॅनफोर्थ असेल (जुन्या बोटींवर असतो) तर उलट करा, नवीन पिढीचा घेऊन पुढे लावा आणि आहे तो मागे न्या, फुकटात दुसरा नांगर झाला.

चौथी पायरी: साइज, आणि डिंगीची परीक्षा

साइजसाठी कंपनीच्या टेबलवर जा आणि दोन साइजच्या मध्ये असाल तर वरची घ्या. ओढ किती पडते याचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेतल्या एबीवायसीच्या (बोटींचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) टेबलमध्ये ३५ फुटी बोटीला १५ नॉट वाऱ्यात साधारण १०० किलो आणि ३० नॉटमध्ये साधारण ४०० किलो धरलेत. वारा दुप्पट की ओढ चौपट. म्हणून "लंच हुक" म्हणून मिळणारे पिटुकले नांगर जेवणाच्या सुट्टीपुरतेच, आणि तेव्हाही कुणीतरी डेकवर जागं पाहिजे.

आता डिंगी. समजा मेन १५ किलोचा आणि त्याला ४० मीटर ८ एमएमची चेन, चेनचं वजन मीटरला साधारण १.४ किलो, म्हणजे ५६, सगळं मिळून ७० किलोच्या वर. हे डिंगीत घालून वल्ही मारत वाऱ्याविरुद्ध न्यायचं? शक्यच नाही, आणि लाटेत तर डिंगी उलटेल. याउलट साडेचार किलोचा नांगर, ५ मीटर चेन म्हणजे ७ किलो, ६० मीटर १२ एमएम नायलॉन दोर म्हणजे साडेपाच किलो, एकूण १७ च्या आसपास. हे एकटा माणूस नेऊ शकतो, लाइफ जॅकेट घालून अर्थात. घरच्यांपैकी जो कुणी सगळ्यात कमी ताकदीचा नेहमी बोटीवर असतो त्याला किंवा तिला हे उचलता आलं पाहिजे, कारण तुम्ही स्टिअरिंगवर असणार आणि नांगर दुसऱ्यालाच न्यायला लागणार.

पाचवी पायरी: दोर आणि चेन (इथे पैसे वाचवू नका)

नांगर चांगला घेतात आणि दोर म्हणून घरातली निळी पॉलिप्रॉपिलीनची रस्सी बांधतात. ती स्वस्त आहे, प्रत्येक बंदरात मिळते, पण पाण्यावर तरंगते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या प्रोपेलरमध्ये जाणार, उन्हाने कुजते आणि झटका खात नाही. दोर नायलॉनचाच, कारण नायलॉन ताणतो आणि लाटेचा झटका गिळतो. तीन पदरी किंवा ऑक्टोप्लेट (आठ पदरी वेणीचा), दोन्ही चालतात, ऑक्टोप्लेट पिशवीत छान बसतो आणि पीळ पडत नाही. जाडी ३० फुटी बोटीला १२ एमएम, ३५ च्या पुढे १४. ताकदीसाठी याहून बारीकही पुरेल असं गणित सांगतं, पण ओल्या हाताने बारीक दोर ओढून बघा म्हणजे कळेल, हात कापतो.

चेनशिवाय नुसता दोर लावू नका. चार-पाच मीटर चेन पाहिजेच, ती दांडा खाली दाबून ठेवते आणि शिंपल्या-दगडांवर दोर घासत नाही. जोडायला गॅल्वनाइज्ड शॅकल (पिनवाली यू आकाराची कडी), लोड रेटिंग छापलेलं, आणि पिन तारेने बांधून टाका, नाहीतर हलून हलून फिरते आणि एक दिवस नुसती चेन वर येते. दोराच्या टोकाला थिंबल (दोर झिजू नये म्हणून आतली खोबणीची कडी) घालून डोळा विणलेला असावा. स्विव्हल (फिरती कडी) इथे लागत नाही.

लांबी किती, तर इथे भरती-ओहोटीचं गणित आलं आणि मुंबईत तर ते सोडून चालतच नाही. समजा उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पोचलात, खोली ३ मीटर. भरतीला पाणी साडेचार मीटर चढणार, म्हणजे साडेसात, अधिक बोची पाण्यापासून उंची १ मीटर, झाले साडेआठ. दोराला सातपट धरलं तर ६० मीटर. आता ज्याने नुसते ३ अधिक १ धरून सातपट केले त्याने २८ मीटर सोडला, आणि रात्री भरतीला त्याचा स्कोप (दोर या उंचीच्या किती पट ते) उरला जेमतेम तीनपट, वारा आला की नांगर उचलला जाणार. गोव्याकडे चढउतार दोन मीटरच्या आसपास, तिथे हाच हिशोब बराच सोपा होतो, पण दोर मुंबईच्या हिशोबाने घ्या. दर पाच-दहा मीटरवर रंगीत धाग्याने खूण करा, अंधारात बोटाला लागेल अशी.

दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं पाहिजे. ऐकायला हास्यास्पद वाटतं पण पूर्ण दोर सरसरत पाण्यात जातो तेव्हा कुणी हसत नाही. शॅकलने नको, दोरीनेच बांधा, म्हणजे वेळ आली तर सुरीने कापता येईल.

ठेवायचा कुठे

स्टर्नच्या रेलिंगवर ब्रॅकेटमध्ये, जोडलेला. फोर्ट्रेस सुटा करून पिशवीत ठेवता येतो आणि विकणारे ते कौतुकाने सांगतात, पण बोट बारवर आपटत असताना पाना शोधून बोल्ट कोण आवळणार? दोर आणि चेन जवळच्या पिशवीत किंवा जाळीदार बादलीत, आधी टोक बांधून मग दोर वरून सोडत भरायचा, गुंडाळायचा नाही, म्हणजे सुटताना गाठ पडत नाही. मागे मजबूत क्लीट (दोर बांधायचा खुंट) आहे का तेही बघा, जुन्या बोटींवर मागचे क्लीट नुसते स्क्रूने बसवलेले असतात, खाली बॅकिंग प्लेट (जोर पसरवणारी पट्टी) नाही. ती आधी लावून घ्या.

विकत घेताना

परदेशी ब्रँड मागवावे लागतात आणि ड्युटी धरून महाग पडतात हे खरंय. मुंबईत फॅब्रिकेटरकडून डॅनफोर्थची कॉपी बनवून घेणारे आहेत, दारूखान्यात जहाजांमधून निघालेला मालही असतो. घ्यायचा तर डोळ्यात तेल घालून: दांडा एका रेषेत सरळ आहे का, दोन्ही फाळ एकाच पातळीत आहेत का, फाळांची टोकं धारदार आहेत का, वेल्डिंग सलग आहे की नुसते टाके, बिजागरी मोकळी दोन्ही बाजूंना सारखी फिरते का. बारीक साध्या लोखंडाचा दांडा आडवा जोर आला की वाकतो, आणि वाकलेला नांगर परत सरळ करून वापरायचा नसतो. वर चकाचक रंग मारलेला असेल तर मी जास्तच संशय घेईन. चेन आणि शॅकल नागदेवी स्ट्रीटला मिळतात, फक्त गॅल्वनाइज्ड मागा आणि ग्रेड विचारा, फाटकाला लावायची चेन घेऊन येऊ नका.

आणल्यावर

शांत दिवशी, चढत्या पाण्यात, एकदा पूर्ण ड्रिल करा. डिंगीत नांगर मागच्या कडेला बाहेर लटकवायचा, दोर सगळा डिंगीत ठेवायचा आणि तिथून सोडत जायचं. बोटीवरून दोर ओढत नेलात तर अर्ध्यात तुमची ताकद संपते, पाण्यातला दोर फार ओढतो. पुरेसं लांब गेल्यावर नांगर टाकायचा, मग बोटीवरच्याने हळूहळू ताण द्यायचा. मऊ चिखलात लगेच जोर लावू नका, पंधरा-वीस मिनिटं बसू द्या, मग इंजिनने ओढ देऊन बघा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एक झाड आणि मागची एखादी टाकी, एका रेषेत धरून ठेवा. रेष हलली नाही म्हणजे बसला. रुतलेल्या बोटीवर अर्थातच थांबायला वेळ नसतो, तेव्हा जास्त दोर सोडून भरपाई करायची.

वारा वाढणार असेल आणि पुढून दोन टाकायचे असतील तर दोघांमध्ये ४५ ते ६० अंशांचा कोन ठेवा. पण रोज हौस म्हणून दोन टाकू नका. आजूबाजूच्या बोटी एकावर फिरत असतात आणि तुम्ही दोनावर अडकून बसता, मग धडक. खाडीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, तिथे पुढून दोन टाकले तर सकाळपर्यंत दोन्ही दोरांची वेणी झालेली असते. स्टर्नचा नांगर टाकलेला असताना वारा आडवा झाला तर बोट फिरू शकत नाही आणि दोन्हींवर भयंकर ताण येतो, अशा वेळी मागचा दोर बोया बांधून सोडून द्या, बोट फिरू द्या, नांगर सकाळी उचला. रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा पुढे काळा गोळा, हे दोन नांगर असले तरी लागतंच, ट्रॉलरवाले पहाटे अंधारात निघतात.

पावसाळ्यात बोट वर काढली की सगळा दोर, चेन, नांगर गोड्या पाण्याने धुवा, शॅकल उघडून पिन बघा, ॲल्युमिनियमचा नांगर असेल तर लोखंडी शॅकल जिथे टेकतो तिथे पांढरी पूड धरलीय का ते खास बघा. दोर एका बाजूने झिजलेला दिसला तर उलटा करून दुसऱ्या टोकाला नवीन डोळा विणून घ्या, अजून काही सीझन सहज जातो.